वारशाच्या बंदुकीचा लिलाव

वडिलार्जित शेत, वाडा आणि दागिने यांच्या वाटण्या कशा कराव्या, हे वऱ्हाडातील शेतकऱ्याला कोणी शिकवावयास नको. वडिलार्जित बंदुकीचे काय करावे, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. रोही व रानडुकरे यांच्यापासून पीक राखण्यासाठी, किंवा शिकारबंदीपूर्वीच्या काळात शिकारीच्या हौसेने घेतलेली बंदूक वाशीम जिल्ह्यातील एखाद्या जुन्या घरात निघावी, यात नवल नाही. परवानाधारक निवर्ततो, मुले पुण्या-मुंबईस असतात. घरातील जुने सामान इंटरनेटवर विकण्याची सवय जडलेल्या या पिढीस बंदूकही त्याच वाटेने, चढत्या बोलीने काढून टाकावी असा मोह झाला, तर तो समजण्याजोगा आहे. परंतु तो मोह घातक आहे, हे स्पष्टपणे सांगणे आम्हास अगत्याचे वाटते.

बंदूक वारशाने येते. परवाना वारशाने येत नाही. परवान्यावाचून ती घरात ठेवणे हा अपराध असून, २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्यास दोन ते पाच वर्षांच्या कैदेची तरतूद आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या २१ व्या कलमाप्रमाणे अशी बंदूक विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा केली पाहिजे. त्यानंतर विहित मुदतीत वारसाने स्वतःच्या नावे परवाना मिळवून ती परत घ्यावी, अथवा पात्र व्यक्तीस विकून पैसे घ्यावेत, अशी मुभा कायद्यानेच दिली आहे. मुदत टळली म्हणजे ती सरकारजमा होऊ शकते. शिवाय २०१९ पासून एका व्यक्तीस दोनच बंदुका बाळगता येतात, आणि वारशाच्या बंदुकाही त्याच मोजणीत येतात.

मग लिलावाने काय बिघडते? लिलाव विचारतो, अधिक पैसे कोण देतो? कायदा विचारतो, घेणारा कोण आहे? खाजगी मालकाने बंदूक विकण्यापूर्वी खरेदीदाराचे नाव व पत्ता जिल्हादंडाधिकाऱ्यांस किंवा पोलीस ठाण्यास लेखी कळवून ४५ दिवस थांबावे, असा दंडक आहे. शेवटची बोली पडेपर्यंत ज्याचे नावच ठाऊक नाही, त्याची माहिती आधी कशी देणार? ज्या अमेरिकेत बंदुकांचे ऑनलाइन लिलाव राजरोस चालतात, तेथेही परराज्यातील खरेदीदारास माल परस्पर धाडता येत नाही. तो परवानाधारक व्यापाऱ्यामार्फतच जातो.

बंदूक पुरातन आहे, सबब कायदा लागू नाही, हा समजही अपुरा आहे. दुरुस्त करूनही जी उडणार नाही, अशाच जुनाट शस्त्रास कायद्यातून सूट आहे. शिवाय शंभर वर्षांहून जुनी वस्तू खाजगी व्यक्तीस परदेशी पाठविता येत नाही, असे १९७२ चा पुरावस्तू कायदा सांगतो. नागपूरकर रघूजी भोसले यांची तलवार एप्रिल २०२५ मध्ये लंडनच्या लिलावात निघाली, तेव्हा ती मिळविण्यास महाराष्ट्र शासनाला ४७ लाख १५ हजार रुपये मोजावे लागले. एकदा बाहेर गेलेला वारसा किती महाग पडतो, याचे हे ताजे उदाहरण होय.

तथापि केवळ वारसदारांस दोष देऊन भागणार नाही. कायद्याची वाट लांब, आणि ती दाखविणारा कोणी नाही, अशा स्थितीत माणूस एक तर बंदूक माळ्यावर दडवितो किंवा आडवाटेने विकतो. जमिनीची वारसनोंद करणारे महसूल खाते आणि शस्त्रपरवाना देणारे जिल्हादंडाधिकारी या दोहोंचे सूत्र एकाच जिल्हाधिकाऱ्याच्या हाती असते. मग वारसनोंदीच्या वेळीच मृताच्या नावे शस्त्रपरवाना होता काय, असा एक प्रश्न विचारण्यास आणि पुढील मार्गाचे मराठी पत्रक वारसाच्या हाती ठेवण्यास कोणती अडचण आहे? १९९८ मध्ये निर्माण झालेल्या वाशीमसारख्या लहान जिल्ह्याने यात पुढाकार घ्यावा. त्यास नवा कायदा लागत नाही, मोठा खर्चही लागत नाही. बापाच्या बंदुकीपायी मुलावर कोर्टाची पायरी चढण्याचा प्रसंग येऊ नये, आणि ती बंदूक अनोळखी हातीही पडू नये, एवढी दक्षता शासनाने अवश्य घेतली पाहिजे.