उद्घाटनानंतरची कसोटी

नागरिकांनी वर्गणी काढावी, चार डॉक्टर-शिक्षकांनी संध्याकाळचे दोन तास देण्याचे कबूल करावे, एखाद्या सद्गृहस्थाने आपली रिकामी जागा विनामूल्य द्यावी आणि त्यातून व्यसनग्रस्तांसाठी, एकाकी वृद्धांसाठी अथवा मनाने खचलेल्यांसाठी आधारकेंद्र उभे राहावे, ही गोष्ट पुणे शहराला नवी नाही. अशा प्रत्येक केंद्राचे स्वागत करणे हे वृत्तपत्राचे कर्तव्य आहे व ते आम्ही आनंदाने करतो. परंतु हारतुऱ्यांबरोबर एक रोखठोक प्रश्न विचारणेही आमचे कर्तव्य ठरते. उद्घाटनाच्या दिवशी उघडलेले हे दार तिसऱ्या पावसाळ्यातही उघडे असेल काय?

हा प्रश्न आम्ही खोडसाळपणे विचारीत नाही. आपल्या समाजावर आरंभशूरतेचा आरोप फार जुना आहे आणि तो सर्वस्वी खोटा आहे असे म्हणवत नाही. वाचनालय किंवा व्याख्यानमाला बंद पडली तर वाचकांची गैरसोय होते, एवढेच. आधारकेंद्राची गोष्ट वेगळी. पतीच्या दारूपायी घर उद्ध्वस्त झालेली स्त्री लोकलज्जेची भिंत ओलांडून त्या दाराशी येते, तेव्हा त्या एका पावलामागे कित्येक वर्षांची घालमेल असते. तेथे तिला कुलूप दिसले, तर ती पुन्हा येईलच असे नाही. जे केंद्र चालवावयाचे नाही, ते न उघडणेच अधिक प्रामाणिकपणाचे होय.

चालविणे म्हणजे काय, हे याच शहराने पाहिलेले आहे. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम मंडळी स्थापन केली आणि १९०० मध्ये हिंगण्याच्या माळावर एक साधी झोपडी उभारली. फर्ग्युसन महाविद्यालयातील अध्यापन आटोपून हा गृहस्थ चिखल तुडवीत पायी हिंगण्यास जाई आणि सुट्टीत गावोगाव वर्गणी गोळा करीत हिंडे. परंतु पैसा व इमारत एवढ्याने संस्था टिकत नाही, हे त्यांनी वेळीच ओळखले, आणि म्हणूनच १९०८ मध्ये संस्थेस वाहून घेणारी माणसे तयार करण्यासाठी निष्काम कर्ममठाची स्थापना केली. देणगीदारांच्या यादीपेक्षा कार्यकर्त्यांची यादी त्यांना अधिक मोलाची वाटली, यातच त्यांचे द्रष्टेपण आहे.

अलीकडचे उदाहरण मुक्तांगणाचे. गर्दच्या व्यसनाने तरुण मुलांची काय दशा होते, हे अनिल अवचट यांनी लिहून दाखविले. ते वाचून पु. ल. देशपांडे व सुनीताबाई अस्वस्थ झाले आणि त्यांनी आपल्या प्रतिष्ठानातर्फे एक लाख रुपयांची देणगी दिली. येरवड्याच्या शासकीय मनोरुग्णालयाच्या आवारात जागा मिळाली आणि १९८६ च्या ऑगस्टमध्ये केंद्र सुरू झाले. तेथवर देणगीचे काम संपले. पुढची धुरा डॉ. अनिता अवचट यांनी वाहिली. बरे झालेले रुग्णच पुढे कार्यकर्ते झाले; घरच्यांनाही उपचारात सामील करून घेण्यात आले. १९९७ मध्ये अनिताताई निवर्तल्या, पण केंद्र थांबले नाही. संस्थापकाच्या मागे जी उभी राहते, तीच खरी संस्था.

‘हे काम सरकारचे नव्हे काय?’ असे विचारणारे पुष्कळ असतात. सरकारने आपला वाटा उचललाच पाहिजे. तो मागण्यास आम्ही कधी कचरणार नाही. तथापि मुक्तांगणाच्या उदाहरणात जागा सरकारची, पहिला पैसा साहित्यिकाचा आणि श्रम कार्यकर्त्यांचे, असा तिहेरी संगम होता. आपुलकीने विचारपूस करणारे माणूस कोणत्याही अंदाजपत्रकातून मंजूर होत नाही.

आता थोडे व्यवहाराचे. आपल्याकडे भिंतीवरील संगमरवरी पाटीसाठी देणगीदार सहज मिळतो. झाडूवाल्याच्या पगारासाठी व विजेच्या बिलासाठी मिळत नाही. वास्तविक एकदा दिलेल्या मोठ्या रकमेपेक्षा दरमहा न चुकता येणारी लहान रक्कम केंद्राला अधिक उपयोगी असते. एकेका पैशाच्या वर्गणीतून पैसा फंडाने तळेगावी काचेचा कारखाना उभा केला, तो याच महाराष्ट्रात. वेळेचेही तसेच. ‘सवड मिळेल तेव्हा येईन’ म्हणणाऱ्या पन्नास जणांपेक्षा दर मंगळवारी ठरल्या वेळी येणारे पाच जण बरे. त्यांनाही शिक्षण हवे. दुसऱ्याचे दुःख ऐकून घेणे, ते बाहेर कोठेही न बोलणे आणि आपल्या आवाक्याबाहेरचा रुग्ण तज्ज्ञाकडे सोपविणे, हे केवळ सद्भावनेने साधत नाही.

चालकांवरही एक बंधन आहे. विश्वस्त संस्थेस धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी व तपासलेला हिशेब द्यावा लागतो. पण तो कागदोपत्री उपचार न राहता वर्षातून एकदा केंद्राच्या फळ्यावरही लागावा. जेथे जमाखर्च उघड असतो, तेथे देणारा हात आखडत नाही.

सुशिक्षित मध्यमवर्गाला आमची विनंती साधी आहे. पुढच्या उद्घाटनाचे निमंत्रण आले, तर अवश्य जावे. निघण्यापूर्वी मात्र चालकांना दोनच गोष्टी सांगाव्यात: दरमहा किती देणार आणि कोणत्या वारी येणार. समारंभातील टाळ्यांपेक्षा ही दोन उत्तरेच ते दार उघडे ठेवतील.