आधी दर सांगा

जून महिना. लखनऊजवळच्या मलिहाबादच्या बागांमध्ये दशहरी आंबे उतरवायची घाई चाललेली. आमच्या खिडकीखाली झेल्याने काढलेली फळं क्रेटमध्ये रचली जात होती आणि आत मी खिडकी घट्ट लावून, पंखा बंद करून लॅपटॉपसमोर बसले होते. पंख्याची घरघर ऐकून नोकरीच्या ऑनलाइन परीक्षेचं सॉफ्टवेअर ‘खोलीत दुसरा आवाज आहे’ असं बजावत होतं, म्हणून पंखा बंद. बाहेर ४३ अंश. ९० मिनिटं, तीन प्रश्न, कॅमेरा सतत चालू. नजर स्क्रीनवरून जरा हलली की वर लाल पट्टी. ५२व्या मिनिटाला वीज गेली. राउटर इन्व्हर्टरवर येऊन पुन्हा जोडला जाईपर्यंत परीक्षा बंद झालेली होती. दुसऱ्या दिवशी मेल आला. संशयास्पद हालचालींमुळे तुमचा अर्ज पुढे नेता येत नाही. खाली सूचना, या मेलला उत्तर देऊ नये.

मला चोर ठरवलं आणि बाजू मांडायला दारही ठेवलं नाही. याचा मला आजही संताप येतो, आणि तो लपवायचं मला काही कारण दिसत नाही.

मी ११ वर्षं पुण्यात सहकारी बँकांचं सॉफ्टवेअर लिहिलं. नवऱ्याची बदली रहमानखेड्याच्या उपोष्ण फलोत्पादन संस्थेत झाली, कंपनीने घरून काम करू द्यायला नकार दिला, म्हणून नोकरी सोडून इथे आले. १४ महिने झाले, मुलाखती देतेय. या १४ महिन्यांत मला एकाही माणसाने २९ फेब्रुवारीबद्दल विचारलेलं नाही.

२९ फेब्रुवारी २०२०. महिन्याचा पाचवा शनिवार, म्हणजे बँका चालू. एका बँकेची आमची प्रणाली २०१७ साली सुरू झालेली, तेव्हा तिच्या आयुष्यातला हा पहिलाच २९ फेब्रुवारी. रात्री साडेदहाला दिवसअखेरचा अहवाल आला आणि त्यात बचत खात्यांच्या व्याजाची बेरीज शून्य. कोणीतरी महिन्यांच्या दिवसांचा तक्ता प्रोग्रॅममध्ये हाताने भरून ठेवला होता, फेब्रुवारी २८. त्यामुळे तो दिवस प्रोग्रॅमच्या लेखी उगवलाच नव्हता. बचत खात्यावर रोजच्या शिलकेवर व्याज द्यायचं, हा रिझर्व्ह बँकेचा २०१० पासूनचा नियम. म्हणजे त्या रात्री हजारो खातेदारांचं एका दिवसाचं व्याज बुडणार होतं. रक्कम एकेकाला काही पैशांची, पण बँकेच्या वहीत खोटी नोंद कायमची. आधी डेटाची प्रत काढून घेतली, तक्ता काढून टाकला, हिशेब पुन्हा चालवला, वीस खाती वहीत पेनाने आकडे मांडून ताळ्यात घेतली, तेव्हा पहाटेचे सव्वातीन झाले होते. सोमवारी शाखा उघडल्या तेव्हा कोणाला काही कळलंही नाही. आमच्या धंद्यात काम नीट झालं याची खूण हीच.

ही गोष्ट मी चार मुलाखतींत सांगायचा प्रयत्न केला. चारही वेळा समोरचा तरुण म्हणाला, ते आपण नंतर बोलू, आधी एक प्रश्न सोडवूया. प्रश्न कसला, तर दोन क्रमवार याद्या एका ठराविक वेगाने एकत्र करा. हे काम गेल्या अकरा वर्षांत मी स्वतःच्या हाताने एकदाही केलेलं नाही, कारण प्रत्येक भाषेत ते तयार मिळतं. त्याच्याही कंपनीत कोणी ते हाताने लिहीत नाही. तरी तेच विचारायचं, आणि उत्तर पाठ असणाऱ्याला हुशार म्हणायचं.

पाठ कोण करू शकतो? ज्याच्या संध्याकाळी मोकळ्या आहेत तो. लीटकोड या सरावाच्या साइटवरचे तीनशे प्रश्न घोटायला रोजचे दोन तास, सहा महिने लागतात. शाळेतून आलेल्या मुलाचा अभ्यास घेणारी बाई, आजारी वडिलांना दवाखान्यात नेणारा मुलगा, आठ तास दुसऱ्याच्या कंपनीत राबून घरी येणारा माणूस, हे सगळे इथेच गळतात. ही चाळणी कौशल्याची नाही, रिकाम्या वेळेची आहे, आणि तिला गुणवत्तेचं नाव देणं ही लबाडी आहे.

नुसत्या चिडीने मी हे म्हणत नाही. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठाने आणि मायक्रोसॉफ्टने मिळून केलेला एक अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. ४८ विद्यार्थी, सगळ्यांना एकच प्रश्न. काहींनी खोलीत एकट्याने फळ्यावर सोडवायचा, काहींनी परीक्षकासमोर मोठ्याने बोलत. कोणी पाहत असताना कामगिरी निम्म्याहून खाली आली. परीक्षकासमोर बसलेल्या मुलींपैकी एकीलाही प्रश्न सुटला नाही, आणि एकटीने सोडवणाऱ्या सगळ्या मुलींना सुटला. हा गट लहान होता हे मला ठाऊक आहे. पण हे वाचून एखाद्या तरी कंपनीने आपली पद्धत तपासायला हवी होती. मी जिथे जिथे गेले तिथे फळाही तोच आणि खांद्यावरून डोकावणारी नजरही तीच.

यावर ठरलेलं उत्तर मिळतं, एका जागेला हजारो अर्ज येतात, चाळणी लावावीच लागते. लावा की! पण चांगली चाळणी कशी असते हे शोधायला कोणाला नव्याने तपाला बसायचं नाही. श्मिट आणि हंटर यांनी १९९८ साली आणि सॅकेट यांच्या गटाने २०२२ साली भरतीच्या पद्धतींवरचं दशकानुदशकांचं संशोधन एकत्र तपासलं. कामाच्या नमुन्यावर घेतलेल्या परीक्षेची किंमत दुसऱ्या तपासणीत घसरली, पण प्रत्येकाला कामाशी निगडित तेच प्रश्न आणि गुण द्यायची आधी ठरवलेली रीत, अशी मुलाखत दोन्हीकडे वरच्या ओळीत राहिली. यात खर्च एकच आहे. प्रश्न विचारणाऱ्याला आधी बसून विचार करावा लागतो. तेवढेही कष्ट घ्यायचे नाहीत, म्हणून सगळा भार उमेदवारावर.

तो भार म्हणजे घरी करायचं काम, असाइनमेंट. ‘फक्त तीन तासांचं आहे’ असं सांगून एका कंपनीने मला शुक्रवारी संध्याकाळी आठ पानांचा मजकूर पाठवला. वेळ राखून ठेवण्याची पूर्ण व्यवस्था, पैसे परत करायचे नियम, चाचण्या, वर वापरायचं कसं याचं टिपण. मला २२ तास लागले. मुलगा रविवारभर बागेत शेजाऱ्यांकडे होता. सोमवारी सकाळी काम पाठवलं. त्यानंतर त्या कंपनीकडून एक अक्षर आलं नाही. तीन वेळा विचारलं, तरी नाही. सुताराकडून कोणी ‘आधी एक कपाट करून दाखव, आवडलं तर कामावर ठेवू’ असं म्हणून कपाट घेऊन गेला तर गाव त्याला काय म्हणेल? आम्ही मात्र याला पाचवी फेरी म्हणतो.

आणि पगार? तो शेवटपर्यंत सांगायचा नाही. उलट माझ्या मागच्या तीन महिन्यांच्या पगारपावत्या पहिल्या फोनला मागायच्या. युरोपीय संघाने २०२३ च्या निर्देशात नेमकं याच्या उलट ठरवलं. पगाराची पातळी मुलाखतीआधी सांगा, आणि आधीचा पगार विचारू नका. आपल्याकडे भाजीवालीलाही आधी भाव विचारतात, इथे विचारला की ‘पैशांवर फार लक्ष दिसतं’ असा शेरा मिळतो.

मला निदान हाताशी अकरा वर्षं आहेत. कॉलेजातून नुकत्याच बाहेर पडलेल्या पोरांचं काय? फेब्रुवारी २०२३ मध्ये विप्रोने साडेसहा लाखांवर निवडलेल्या नवख्यांना साडेतीन लाखांवर या म्हणून विचारलं. इन्फोसिसने फेब्रुवारी २०२५ मध्ये म्हैसूरहून तीनशेहून अधिक प्रशिक्षणार्थींना काढलं. कंपनी म्हणाली, अंतर्गत परीक्षेत तीन संधी देऊनही ते उत्तीर्ण झाले नाहीत, आणि ही अट करारातच आहे. पण त्यांतल्या अनेकांची निवड २०२२ ची होती आणि रुजू करून घ्यायलाच दोन वर्षं घालवली होती. पुण्याच्या नाइट्स या संघटनेने ते प्रकरण केंद्रीय कामगार मंत्रालयाकडे नेलं. म्हणजे मुलाखत पास होऊनही परीक्षा संपत नाही, आणि वाट पाहण्याची दोन वर्षं कोणाच्याच हिशेबात नाहीत.

मागच्या जुलैमध्ये पहिला पाऊस झाल्यावर आमच्या शेजारच्या बागेत कलमं बांधणारा एक म्हातारा काम मागायला आला. मालक त्याला काही न विचारता मागच्या वर्षीच्या वाफ्याकडे घेऊन गेला. तिथली कलमं याच म्हाताऱ्याने बांधलेली होती. मालक वाकला, एकेका रोपाचा सांधा अंगठ्याने दाबून पाहिला, काडी आणि खुंट एकजीव झालेत का, कुठे फट राहिलीय का. वीस-पंचवीस रोपं पाहिली असतील. मग एका कलमामागे किती पैसे ते आधी सांगितलं, म्हातारा ‘ठीक है’ म्हणाला आणि पिशवीतून चाकू काढला. सगळं मिळून दहा मिनिटं. याच मलिहाबादचे हाजी कलीमुल्ला खान सातवीत नापास होऊन शाळेतून बाहेर पडले. एकाच झाडावर तीनशेहून अधिक जातींचे आंबे त्यांनी आणले आणि २००८ साली पद्मश्री मिळवली. दहावी, बारावी आणि पदवीला ६० टक्के अशी अट घालणाऱ्या आमच्या भरतीत त्यांचा अर्ज माणसाच्या डोळ्यांपर्यंतही पोचला नसता.

गेल्या आठवड्यात आणखी एका कंपनीची चौथी फेरी झाली आणि पुन्हा असाइनमेंट आली, चार दिवसांची. या वेळी मी मेलला उत्तर लिहिलं. माझा दिवसाचा दर लिहिला, त्याला चारने गुणलं, खाली बेरीज लिहिली. शिवाय विचारलं, या जागेचा पगार किती आणि निकाल कोणत्या तारखेला कळवाल?

तासाभरात एचआरच्या मुलीचा फोन आला. आवाजावरून विशीतली असावी, बोलता बोलता म्हणाली, मी स्वतः कंत्राटावर आहे. “मॅडम, असं आजवर कोणी मागितलं नाही हो.”

“मी मागतेय,” म्हटलं. “तुमच्यावर राग नाही. वरच्यांना दाखवा आणि जे असेल ते लेखी कळवा.”

कळवते म्हणाली. आज आठवा दिवस आहे. असाइनमेंट मी उघडलेली नाही.