दोन उड्डाणांमधील दिवस

मराठीत ‘हवाईसुंदरी’ हा शब्द इतका रुळला आहे की त्यातील उणीव सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. या शब्दात हवा आहे, सौंदर्य आहे. काम मात्र कोठेच नाही. ‘विमान परिचारिका’ हा दुसरा शब्द अधिक प्रामाणिक आहे आणि इतिहासाशीही सुसंगत आहे. १५ मे १९३० रोजी अमेरिकेत एलेन चर्च जगातील पहिली विमान परिचारिका म्हणून विमानात चढली, तेव्हा ती प्रशिक्षित रुग्णपरिचारिकाच होती.

शब्दांमागे समाजाची दृष्टी असते आणि त्या दृष्टीतूनच नियम जन्माला येतात. एअर इंडियाच्या सेवानियमांनुसार एके काळी वयाची ३५ वर्षे पूर्ण होताच, नोकरीच्या पहिल्या ४ वर्षांत विवाह केल्यास अथवा पहिल्या गर्भारपणी या महिलांची सेवा संपत असे. गर्भारपणाची अट सर्वोच्च न्यायालयाने १९८१ साली नर्गेश मिर्झा खटल्यात रद्द केली. ४ वर्षांच्या विवाहबंदीला मात्र त्या वेळी मान्यता दिली. जिचे काम ‘दिसणे’ हेच मानले गेले, तिचे वय आणि मातृत्व हे दोष ठरावेत, यात नवल ते काय?

वास्तविक विमानातील तिची उपस्थिती चहा-फराळासाठी अनिवार्य झालेली नाही. दर ५० आसनांमागे किमान एक केबिन कर्मचारी असावा, हा दंडक सुरक्षिततेसाठी आहे. निम्मी द्वारे बंद असली तरी ९० सेकंदांत सर्व प्रवासी बाहेर पडू शकतील, हे मोठ्या प्रवासी विमानाला मान्यता मिळण्यापूर्वी सिद्ध करावे लागते. प्रत्यक्ष संकटात ते घडवून आणायचे असते ते याच कर्मचाऱ्यांनी. ५ सप्टेंबर १९८६ रोजी कराचीच्या विमानतळावर अपहरणकर्त्यांच्या गोळ्या झेलत प्रवाशांना बाहेर काढणाऱ्या नीरजा भनोत यांचे वय तेव्हा अवघे २२ वर्षांचे होते. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र प्रदान करण्यात आले.

असे प्रसंग इतिहासात नोंदले जातात. नोंदला जात नाही तो दोन उड्डाणांमधील दिवस. पहाटे ४ वाजता मुंबईत उतरलेली परिचारिका मरोळच्या किंवा कालिन्याच्या आपल्या घरी पोहोचते, तेव्हा इमारतीत दूधवाल्याची फेरी सुरू झालेली असते. तिची रात्र तेव्हा सुरू होते. दुपारी १२ वाजता तिच्या खिडकीचे पडदे बंद दिसले की शेजारी ‘मजा आहे बुवा!’ असे म्हणून मोकळे होतात. हिवाळ्यात न्यूयॉर्कचे घड्याळ भारताच्या साडेदहा तास मागे असते. एक-दोन दिवसांच्या मुक्कामात शरीर तिथल्या वेळेशी जुळवून घेत नाही आणि परतल्यावर इथल्या वेळेशीही लगेच जुळत नाही. जग पाहण्याची जी हौस मनात धरून ती या नोकरीत आली, ती काही अंशी निश्चितच पूर्ण होते. परंतु अनेक शहरांची तिची ओळख हॉटेलची खोली, जवळचे दुकान आणि न्यायला येणारी गाडी एवढ्यापुरतीच राहते.

सुटीही नेहमी सुटी नसते. ‘स्टँडबाय’ असलेल्या दिवशी गणवेश इस्त्री करून, बॅग भरून दूरध्वनीची वाट पाहावी लागते. कोणी सहकारी आजारी पडला की ठरलेल्या वेळेत विमानतळ गाठायचा. आग विझवणे, पाण्यात उतरलेल्या विमानातून सुटका, प्रथमोपचार यांचे प्रशिक्षण ठरावीक काळाने पुन्हा घ्यायचे आणि त्याच्या परीक्षाही द्यायच्या. गणपती-दिवाळीत सारा देश घरी परततो, तेव्हा त्याला घरी पोहोचवण्याचे काम हिच्याकडे असते.

या जीवनाची आर्थिक बाजू तर बँकेच्या खिडकीवरूनच अधिक स्पष्ट दिसते. अनेक विमान कंपन्यांत मूळ वेतन बेताचे असून मासिक प्राप्तीचा मोठा हिस्सा उड्डाणाच्या तासांवर आणि परगावच्या मुक्कामाच्या भत्त्यांवर अवलंबून असतो. विमान उडाले तर भत्ता. आजारपण, गर्भारपण किंवा कमी उड्डाणांचा महिना आला की वेतनचिठ्ठीचा आकडा खाली येतो. २५ मार्च २०२० पासून देशांतर्गत प्रवासी विमाने दोन महिने जमिनीवर राहिली, तर नियमित आंतरराष्ट्रीय उड्डाणे थेट २७ मार्च २०२२ रोजी पूर्ववत सुरू झाली. कर्जाच्या हप्त्यांची तारीख मात्र दर महिन्याला येतच राहते.

म्हणूनच भरभराटीच्या महिन्यातील प्राप्ती पाहून गृहकर्जाचा हप्ता ठरवणे धोक्याचे. हप्ता मूळ वेतनाला पेलणारा असावा. भत्त्यांतून आधी सहा महिन्यांच्या घरखर्चाइतकी मुदत ठेव उभी राहावी आणि त्यानंतरच हौसमौज व्हावी. आरोग्य विमा, निवृत्तीसाठीची नियमित बचत आणि प्रत्येक खात्यावर नामनिर्देशन या गोष्टी पुढच्या उड्डाणावर ढकलू नयेत. बँक कर्मचाऱ्यांनीही एक जाण ठेवावी. अशी ग्राहक वेतनचिठ्ठ्या घेऊन आली तर एका महिन्याचा आकडा न पाहता वर्षभराची सरासरी आणि मूळ वेतन पाहावे. तिने पुन्हा उद्या यावे असे सांगण्यापूर्वी, तिचा ‘उद्या’ कदाचित दुसऱ्या देशात उजाडणार आहे, हे आठवावे.

आपखुशीने निवडलेल्या या व्यवसायाबद्दल दया दाखवण्याचे कारण नाही. लहान गावांतून, ईशान्येच्या डोंगराळ राज्यांतून आलेल्या कित्येक मुलींनी याच नोकरीच्या बळावर भावंडांची शिक्षणे केली आहेत आणि आईवडिलांना पहिला विमानप्रवास घडवला आहे. हवी आहे ती केवळ योग्य नोंद. दोन उड्डाणांमधील झोप हा आळस नव्हे. पुढच्या उड्डाणातील प्रवाशांच्या सुरक्षिततेत केलेली ती गुंतवणूक आहे. दुपारी बंद असलेल्या त्या दारावरची घंटा न वाजवता शेजाऱ्याने पुढे जावे, एवढी समज आली तरी ‘सुंदरी’ या शब्दाने तिच्यावर केलेला अन्याय थोडा कमी होईल.