पाहुण्या प्रशिक्षकाची घाई आणि वाढत्या हाडांचा वेग

येत्या ३१ ऑक्टोबर ते १३ नोव्हेंबर २०२६ या काळात सेनेगलची राजधानी डकार येथे युवा ऑलिंपिक स्पर्धा ठरली आहे. आफ्रिकेच्या भूमीवर होणारी ही पहिलीच ऑलिंपिक स्पर्धा. अशा निमित्ताने गरीब देशांतल्या मैदानांकडे जगाचे लक्ष जाते आणि मदतीचे हातही पुढे येतात. जपान १९६५ पासून आपले तरुण स्वयंसेवक विकसनशील देशांत साधारण दोन वर्षांसाठी पाठवतो. शारीरिक शिक्षण आणि खेळ शिकवणारेही त्यांत असतात. काही संस्थांचे स्वयंसेवक मात्र सुट्टीतले दोन-तीन आठवडेच देऊ शकतात.

हेतू चांगलाच असतो. अडचण वेळापत्रकाची आहे. पाहुण्याला परतण्यापूर्वी काहीतरी बदललेले दिसायला हवे असते. मुलांचे शरीर मात्र स्वतःच्या गतीने बदलते.

व्यायाम सुरू केला की दम वाढतो, स्नायूंची ताकदही काही आठवड्यांत जाणवू लागते. हाडे आणि स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या कंडरा यांना तोच भार पेलायला शिकण्यासाठी महिने लागतात. म्हणजे मुलाला ‘आता जमतंय’ असे वाटते, तेव्हा त्याचे सांगाडे-सांधे अजून मागेच असतात. त्यात वाढीचे वय. मुलींची उंची साधारण बाराव्या आणि मुलांची चौदाव्या वर्षाच्या आसपास सर्वांत वेगाने वाढते. या काळात हाडांच्या टोकांशी असलेला कूर्चेचा थर नाजूक असतो. उड्या आणि धावा एकाएकी वाढवल्या की गुडघ्याखाली किंवा टाचेत दुखू लागते. ती कुरकुर आळशीपणाची नसते. भार कमी करा, असा तो निरोप असतो. शिवाय तेरा वर्षांची दोन मुले शेजारी उभी असली, तरी शरीराच्या वाढीत त्यांच्यात दोन-तीन वर्षांचे अंतर असू शकते. साऱ्या रांगेला एकच माप लावणे म्हणूनच धोक्याचे.

उन्हाचेही तसेच. उष्ण हवेत जोरकस श्रम करण्याची सवय व्हायला शरीराला दहा ते चौदा दिवस लागतात. पश्चिम आफ्रिकेत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते, ती म्हणजे सिकलसेल. नायजेरियात चार माणसांत साधारण एक जण या जनुकाचा वाहक असतो. वाहक एरवी निरोगी असतो आणि त्याला खेळापासून दूर ठेवण्याचे कारण नाही. अमेरिकी लष्करातल्या सुमारे ४८ हजार कृष्णवर्णीय सैनिकांच्या, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वाहकांमध्ये मृत्यूचा धोका वाढलेला आढळला नाही. अतिश्रमाने स्नायू विरघळून मूत्रपिंडांवर ताण आणणाऱ्या विकाराचा धोका मात्र सुमारे दीडपट होता. त्या लष्करात पाणी, विश्रांती आणि श्रम टप्प्याटप्प्याने वाढवणे हे नियम सर्वांनाच लागू होते. वाहक कोण हे माहीत नसले, तरी हे नियम सगळ्यांचेच रक्षण करतात. गडचिरोली, नंदुरबारच्या आश्रमशाळांत धावपटू घडवणाऱ्यांनाही हा धडा तितकाच लागू आहे.

मग बाहेरून येणाऱ्याने शिकवावे तरी काय? उत्तर लागोसने दिले आहे. फिफाचा ‘इलेव्हन प्लस’ नावाचा सरावापूर्वीचा कार्यक्रम आहे. साधारण वीस मिनिटांचा, महागड्या साधनांशिवाय करता येणारा. त्यात हलके धावणे, पोट-पाठ आणि मांड्यांची ताकद, एका पायावर तोल, तसेच उडीनंतर गुडघा आत न वळवता जमिनीवर उतरणे असते. लागोसच्या कनिष्ठ लीगमधल्या वीस संघांतील १४ ते १९ वर्षांच्या मुलांवर तो सहा महिने तपासला गेला. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दुखापतींचे प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी झाले. यात घाम गाळून दमवण्याचा भाग थोडाच आहे. गुण आहे तो योग्य पद्धतीत आणि रोजच्या सातत्यात.

सातत्य हे पाहुण्याच्या हातात नसते, ते गावातल्या प्रशिक्षकाच्या हातात असते. म्हणून पहिल्या दिवसापासून शिट्टी स्थानिक प्रशिक्षकाच्या गळ्यात हवी आणि स्वयंसेवकाने त्याच्या शेजारी उभे राहावे. आठवड्यातले सरावाचे तास मुलाच्या वयाच्या आकड्यापुढे जाऊ नयेत आणि आठवड्यात किमान एक दिवस पूर्ण सुट्टी असावी, हे क्रीडावैद्यकाचे साधे आडाखे त्याच्या वहीत लिहिलेले असावेत. सरावाआधी आज कोण काय खाऊन आले, हे विचारण्याची सवय लावावी. रिकाम्या पोटी केलेला व्यायाम वाढत्या शरीराकडूनच उसने घेतो. आणि मुलीची पाळी तीन महिने थांबली, तर ‘सरावात असे व्हायचेच’ म्हणून सोडून न देता तिला डॉक्टरकडे न्यावे. खाणे कमी आणि श्रम जास्त होत असल्याची ती खूण असू शकते, आणि त्याची किंमत हाडे मोजतात.

अशा मोहिमांना पैसा देणाऱ्या संस्था सहसा किती मुलांना शिकवले, हे विचारतात. त्याऐवजी स्वयंसेवक परतल्यावर सहा महिन्यांनी तीच वीस मिनिटे कोण घेत आहे आणि किती मुले दुखापतीमुळे बाहेर बसली आहेत, हे विचारावे. डकारमध्ये पदके मोजली जातील. त्यांत नसलेल्या हजारो मुलांचे गुडघे विशीतही धड राहिले, तर मदत खरोखर पोहोचली असे म्हणता येईल.