रँक किती?

पवईच्या आयआयटीत नव्या मुलाला हमखास विचारला जाणारा प्रश्न : रँक किती? ऐकायला साधा. पण त्या आकड्यावरून पोरगा राखीव जागेवरचा की खुल्या, ते कळते आणि पुढची वागणूक ठरते. फेब्रुवारी २०२३ मध्ये पहिल्या वर्षाचा दलित विद्यार्थी दर्शन सोळंकी याचा मृत्यू झाला. संस्थेच्या चौकशी समितीला थेट जातीय भेदभावाचा पुरावा सापडला नाही. मात्र काही महिन्यांतच, कोणाला रँक विचारू नये, अशी सूचना संस्थेनेच काढली. जे घडतच नव्हते, त्याला मनाई कशासाठी?

त्याच वर्षी तिथल्या मेसमध्ये शाकाहाऱ्यांसाठी वेगळी टेबले राखली गेली आणि तिथे मांसाहार करून निषेध नोंदवणाऱ्यास १० हजार रुपये दंड झाला. कोणी काय खावे, हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण शेजारच्याच्या ताटाने आपले जेवण बाटते, या समजुतीवर संस्थेने शिक्का मारावा? हा विटाळच आहे, फक्त इंग्रजी बोलणारा.

नियम नाहीत असे नाही. दिल्लीच्या ‘एम्स’मधील भेदभावावर थोरात समितीने २००७ मध्येच बोट ठेवले. २०१२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी नेमणे बंधनकारक केले. तरीही हैदराबादेत संशोधक विद्यार्थी रोहित वेमुला आणि मुंबईत निवासी डॉक्टर पायल तडवी यांनी आत्महत्या केली; दोन्हीकडे जातीय छळाचा आरोप झाला. हे नियम कागदावरच आहेत, हे सांगायला राधिका वेमुला आणि आबेदा तडवी या दोन आयांना २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली.

कारण उघड आहे. तक्रार ऐकणारा अधिकारी त्याच संस्थेतला प्राध्यापक. ज्याच्या प्रबंधावर मार्गदर्शकाची सही व्हायची आहे, तो त्याच मार्गदर्शकाच्या सहकाऱ्यापुढे तोंड कसे उघडणार? प्रवेश दिला की सामाजिक न्याय झाला, अशी कुलगुरूंची समजूत दिसते. शाहू महाराजांची नव्हती. म्हणून तर त्यांनी कोल्हापुरात जातोजातीच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी केली. मुलगा राहतो कुठे, जेवतो कुठे, यावर त्याचे शिक्षण टिकते, हे त्यांना शंभराहून अधिक वर्षांपूर्वी कळले होते.

तेव्हा नवी समिती नको. तक्रार ऐकणारा अधिकारी संस्थेबाहेरचा हवा, आणि किती तक्रारी आल्या, त्यांचे काय झाले, हे प्रत्येक विद्यापीठाने दरवर्षी जाहीर करावे. जे करणार नाही, त्याचे अनुदान आयोगाने रोखावे.