डावी बाजू नेमकी कोणाची?
सीटी स्कॅनच्या आडव्या छेदात रुग्णाची डावी बाजू आपल्या उजवीकडे दिसते. जणू डॉक्टर त्याच्या पायाशी उभे राहून पाहताहेत. रूढी म्हणून ठीक. पण ‘डायकॉम’मध्ये क्ष-अक्ष रुग्णाच्या डावीकडे व य-अक्ष पाठीकडे वाढतो, तर मेंदू-संशोधनातल्या ‘निफ्टी’त उजवीकडे व पुढे. रूपांतरात दोन्ही अक्ष उलटवले तर चौकट नुसती फिरते. एकच उलटला, तर उजव्या हाताची चौकट डाव्या हाताची होते आणि हाती उरते आरशातले प्रतिबिंब. म्हणून बाजूची खूण नसलेली प्रतिमा, त्यातही मोबाइलवर आलेली, शस्त्रक्रियेसाठी मुळीच ग्राह्य धरू नये. पोटात निदान यकृत चुगली करते. मेंदू जवळजवळ सममित. तिथे गाठीची बाजू बदलली तरी नजरेला खटकत नाही.