वाळूचा बांध चाकाखाली घालू नका

शनिवार उजाडला की वाशी, नेरुळ, खारघरच्या गाड्या वडखळमार्गे अलिबाग, नागाव, काशीदची वाट धरतात. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाल्यापासून मुंबईकरांनाही इकडची वाट जवळची झाली. पाहुणा यावा, घरगुती खानावळीत जेवावा. चार पैसे गावात राहतात. पण काहींना डांबरी रस्ता संपला तरी थांबवत नाही. निर्जन किनारा गाठायचा म्हणून गाडी थेट पुळणीत घालतात.

ओली वाळू वरून टणक दिसते. चाक एकदा रुतले की जितके फिरवावे तितके खोल जाते. चिखलणीच्या ट्रॅक्टरला आपण लोखंडी चाके का लावतो? भार पसरावा म्हणून. शहरी गाडीच्या अरुंद टायरला ते कसे जमणार? सहा तासांत ओहोटीची भरती होते, मग ट्रॅक्टरसाठी धावाधाव.

गाडी निघते हो, पण मागे काय राहते ते बघा. पुळणीच्या वरच्या अंगाला वाळूचे उंचवटे असतात, त्यांवर मर्यादवेल पसरलेली असते. ही वेल उडती वाळू धरून ठेवते. उरण-पनवेलच्या शेतकऱ्याला खारबंदिस्तीचे मोल सांगायला नको. उधाणात बांधाला खांड पडली की खारे पाणी शिरून भातशेत वाया जाते. वाळूचे उंचवटे ही किनाऱ्याची आयती खारबंदिस्तीच. तिच्यामागे आपल्या नारळ-सुपारीच्या वाड्या आणि गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. चाकाने वेल तुटली की वाळू उडते आणि उधाणाला वाट मिळते. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात वाड्या आडव्या झाल्या, हे आपण पाहिले आहे. वादळ आपल्या हातात नाही. बांध राखणे आहे.

दिवेआगर, हरिहरेश्वरच्या वाळूत समुद्री कासवे अंडी घालतात. चाकाच्या खोल चरात अडकलेले पिल्लू समुद्रापर्यंत पोचत नाही.

वाळूच्या टेकड्यांत फेरफार करण्यास किनारा नियमन अधिसूचनेने १९९१ मध्येच मनाई केली. पण प्रत्येक पुळणीवर पोलीस कुठून उभा करणार? ग्रामपंचायतींनीच वाटेवर खांब रोवावेत, गावाच्या कडेला गाडीतळ करावा, माफक शुल्क घ्यावे. मोकळ्या जागी मर्यादवेलीचे तुकडे पावसाळ्याच्या तोंडावर लावावेत. खर्च नाहीच, फक्त मेहनत. आणि पाहुणेमंडळी, गाडी रस्त्यावर ठेवा. पुढची दोनशे पावले पायी चाला.